काउन्सेलरच्या खोलीत नक्की काय होतं? परदेशात शिकणाऱ्यांसाठी

रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्या हातात टॅबलेट ठेवला आणि म्हणाली, "सावकाश भर, घाई नाही." फॉर्मवरचे प्रश्न साधेच होते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोपेचा त्रास झाला? किती दिवस कशातच रस वाटला नाही? आपण स्वतःला किंवा घरच्यांना तोंडघशी पाडलं असं किती दिवस वाटलं? प्रत्येक प्रश्नापुढे चार पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. माझं खरं उत्तर बहुतेक ठिकाणी 'जवळपास रोज' होतं. पण झोपेचा एक प्रश्न सोडला तर मी सगळीकडे 'अजिबात नाही'वर बोट ठेवत गेले. डोक्यात एकच घोळत होतं, हे वाचणार कोण? व्हिसावाले? स्कॉलरशिप देणारे? माझे गाइड? आणि घरी फोन गेला तर?

आत गेले. पन्नासेक मिनिटं काउन्सेलर प्रश्न विचारत होती. घरी कोण कोण असतं, आधी कधी असा त्रास झाला होता का, दारू, औषधं, अभ्यास, मैत्रिणी. शेवटी म्हणाली, पुढची भेट तीन आठवड्यांनी. "एवढं सगळं सांगून हातात काय आलं?" असं मनाशी म्हणत मी बाहेर पडले आणि पुढे जवळजवळ वर्षभर तिकडे फिरकले नाही. ते वर्ष फार वाईट गेलं.

नंतर त्याच विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात मी अर्धवेळ काम केलं. वेगवेगळ्या देशांतून आलेली मुलं टेबलापलीकडे बसून हीच गोष्ट सांगायची. एकदा गेलो, उपयोग झाला नाही, सोडून दिलं. तेव्हा कुठे मला कळलं, की दोन साध्या गोष्टी आम्हाला कुणी सांगितल्याच नव्हत्या. पहिली भेट बहुतेक वेळा उपचाराची नसतेच. आणि तो फॉर्म व्हिसाच्या ऑफिसात जात नाही. हा लेख मी त्या दोन गोष्टींसाठी लिहितेय.

अमेरिकेत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ११ लाख ७७ हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थी होते, शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, काम करणारे त्यात धरून. त्यातले ३ लाख ६३ हजार भारतातले. एवढी मुलं एकट्या एका देशात. त्यांच्या मानसिक आरोग्यावर जे अभ्यास झालेत त्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: स्थानिक मुलांच्या मानाने ही मुलं काउन्सेलिंगला कमी येतात, उशिरा येतात आणि लवकर सोडतात. पहिल्या दोन गोष्टींवर भरपूर बोललं जातं. संकोच, 'लोक काय म्हणतील', वगैरे. मला तिसरी जास्त महत्त्वाची वाटते. दारापर्यंत पोचलेला माणूस परत जातो, म्हणजे संकोचाचा डोंगर त्याने ओलांडलेला असतो आणि तरीही काहीतरी चुकतं.

काय चुकतं ते बघू.

पहिली भेट कशासाठी असते

विद्यापीठात मानसिक आरोग्याची वेगळी सोय असावी ही कल्पना अमेरिकेत १९१० च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये सुरू झाली असं मानतात. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असं सेंटर असतं. तिथे साधारण तीन प्रकारची माणसं भेटतात. काउन्सेलर किंवा थेरपिस्ट, म्हणजे बोलून मदत करणारे. सायकॉलॉजिस्ट, यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली असते आणि ते तपासण्याही करतात. आणि सायकायट्रिस्ट, म्हणजे औषध लिहून देणारे डॉक्टर. काही ठिकाणी प्रशिक्षण घेणारे विद्यार्थी-थेरपिस्टही असतात. समोर नवशिका बसलाय म्हणून नाराज होऊ नका. त्यांच्या प्रत्येक केसवर अनुभवी माणसाची नजर असते, आणि त्यांच्याकडे वेळ जास्त असतो.

आता त्या फॉर्मबद्दल. नऊ प्रश्नांच्या त्या यादीला पीएचक्यू-९ म्हणतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण झाले की नैराश्याच्या शक्यतेकडे नीट बघायला हवं असं धरतात. चिंतेसाठी जीएडी-७ नावाची तशीच सात प्रश्नांची यादी आहे. कॉलेजच्या मुलांसाठी सीसीएपीएस नावाची खास प्रश्नावली आहे, तिच्या छोट्या रूपात ३४ प्रश्न असतात. गुण जास्त आले म्हणून कुणी शिक्का मारत नाही. पण गुणांवरून एक गोष्ट ठरते, ती म्हणजे पुढची भेट किती लवकर द्यायची.

इथेच माझा घात झाला. मी 'अजिबात नाही' लिहिलं, त्यांनी त्यावर विश्वास ठेवला, आणि ज्यांना जास्त गरज दिसत होती त्यांना आधीच्या वेळा दिल्या. रांग तशीच लावतात, आणि लावायलाही हवी. दवाखान्यात ताप नाही म्हटल्यावर डॉक्टर ज्या चालीने तपासतील, त्याच चालीने मला तपासलं गेलं.

पहिल्या भेटीला इनटेक किंवा ट्रायाज म्हणतात. कुठे ती पन्नास मिनिटांची असते, कुठे फोनवर पंधरा-वीस मिनिटांची. या माणसाला काय हवंय, किती तातडीने हवंय आणि ते इथे मिळेल का, हे त्यात ठरतं. त्यानंतर काहींना एकेकट्या भेटी मिळतात, काहींना गट-थेरपी सुचवली जाते, काहींना झोपेवर किंवा परीक्षेच्या धास्तीवर दोन-तीन तासांची कार्यशाळा, आणि ज्यांना लांब पल्ल्याचे उपचार हवेत त्यांना बाहेरच्या थेरपिस्टचं नाव. गट-थेरपी म्हटलं की परदेशी मुलं सर्रास नाही म्हणतात. अनोळखी लोकांपुढे, तेही परक्या भाषेत, कोण बोलणार? पण पुष्कळ सेंटरमध्ये फक्त परदेशी विद्यार्थ्यांचा गट असतो. तिथे सगळ्यांचेच उच्चार वेगळे असतात, सगळेच व्हिसाच्या तारखा मोजत असतात, आणि निम्म्या गोष्टी समजावून सांगाव्याच लागत नाहीत.

अजून एक दार आहे, ते कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 'लेट्स टॉक' नावाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे इतर अनेक विद्यापीठांनी तो उचलला. काउन्सेलर आठवड्यातले ठरलेले तास लायब्ररीत, एखाद्या विभागात किंवा परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात येऊन बसतात. अपॉइंटमेंट नाही, लांबलचक फॉर्म नाही. जायचं आणि बोलायचं. ते औपचारिक उपचार नसतात, सल्ला असतो. ज्याला सेंटरच्या पाटीखालून आत जायचंच धाडस होत नाही, त्याने सुरुवात इथून करावी.

हे कुणाला कळतं?

ऑफिसात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, आणि तोही आवाज खाली आणून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात दाखल झालं, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचे हक्क आईवडिलांकडून त्याच्या स्वतःकडे येतात. काउन्सेलिंगच्या नोंदी तर त्याहून वेगळ्या, उपचाराच्या नोंदी म्हणून ठेवल्या जातात. मार्कशीटबरोबर त्या जात नाहीत, प्राध्यापकांना दिसत नाहीत. शिवाय परवानाधारक थेरपिस्टला त्याच्या व्यवसायाचे आणि राज्याच्या कायद्याचे गुप्ततेचे नियम लागू असतात. आई काळजीने सेंटरला फोन करून "माझी मुलगी तुमच्याकडे येते का?" असं विचारेल, तर लेखी संमतीशिवाय त्यांना हो किंवा नाही, दोन्ही सांगता येत नाही.

व्हिसाचं काय? एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर असलेल्यांची माहिती सेविस नावाच्या सरकारी यंत्रणेत असते. त्यात तुमचा कोर्स, पूर्णवेळ शिकताय की नाही, पत्ता, कोर्स संपायची तारीख असल्या नोंदी असतात. तुम्ही काउन्सेलरकडे गेलात ही नोंद त्यात नसते. ही भीती बहुधा व्हिसाच्या ऑनलाइन अर्जातून मनात बसते. त्यात मानसिक किंवा शारीरिक विकारांबद्दल एक प्रश्न असतो. तो नीट वाचा. स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेला धोका होईल असा विकार आहे का, असं त्यात विचारलंय. काउन्सेलिंग घेतलंय का, असं विचारलेलं नाही.

आता अपवाद. ते लपवण्यात अर्थ नाही, कारण पहिल्या भेटीतच काउन्सेलर ते वाचून दाखवतात आणि ऐकणारा तिथेच गप्प होतो. तुमच्या जिवाला तातडीचा धोका असेल, दुसऱ्या कुणाला गंभीर इजा होण्याची शक्यता असेल, लहान मुलांवर किंवा परावलंबी माणसांवर अत्याचार होत असेल, किंवा कोर्टाने आदेश दिला असेल, तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते. दुसऱ्याला धोका असण्याच्या अपवादाची मुळं एका परदेशी विद्यार्थ्याच्याच प्रकरणात आहेत, हे फार जणांना माहीत नसतं. भारतातून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने १९६९ साली विद्यापीठाच्याच रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञाला, आपण एका तरुणीला मारणार असल्याचं सांगितलं. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडलं, त्याने उपचार थांबवले, आणि काही आठवड्यांनी त्या तरुणीचा खून झाला. तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी दाखल केलेल्या तारासॉफ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं, की अशा वेळी धोक्यात असलेल्या माणसाला वाचवण्यासाठी योग्य ती काळजी घेणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. पुढे बहुतेक राज्यांनी या ना त्या रूपात हे तत्त्व स्वीकारलं.

स्वतःच्या जिवाबद्दलचा अपवाद मात्र लोक चुकीचा समजतात. "कधीकधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये," असं म्हटलं की लगेच पोलीस येतील, दवाखान्यात डांबतील, अशी समजूत असते. काउन्सेलर असं वाक्य आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकतात. ऐकल्यावर ते पुढचे प्रश्न विचारतात: हा विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, तसं करायचं साधन हाताशी आहे का, आणि तुला थांबवणारं काय आहे. बहुसंख्य वेळा यातून एक सुरक्षा-योजना तयार होते. त्रास वाढू लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन लावायचा, घरातून कोणती वस्तू दूर ठेवायची, हे एका कागदावर दोघांनी मिळून लिहायचं. भेटी लवकर लवकर ठरतात. दवाखान्यात दाखल करण्याची वेळ तातडीचा धोका दिसला तरच येते. ही भीती मनात धरून फॉर्मच्या नवव्या प्रश्नाला खोटं उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला नेमकी तीच मदत येत नाही, जिच्यासाठी तो तिथे आलेला असतो. तो नववा प्रश्न याच विचारांबद्दल असतो.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथले कायदे वेगळे, पण चौकट बरीचशी हीच: गुप्तता हा नियम, जिवाचा धोका हा अपवाद. शंका असेल तर पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "मी इथे येते हे कुणाकुणाला कळू शकतं?" या प्रश्नाचं त्यांना वाईट वाटत नाही. उत्तर द्यायला ते बांधील असतात.

कंटाळा आणि बोअर

आता भाषेकडे येते. माझ्या मते बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

मराठीत आपण म्हणतो, "मला सगळ्याचा कंटाळा आलाय." या एका 'कंटाळ्यात' थकवा असतो, विटलेपण असतं, कधीकधी जगण्याचाच वीट असतो. मी काउन्सेलरला इंग्रजीत काय सांगितलं? 'आय ॲम बोर्ड.' तिने कॅम्पसवरच्या क्लबांची यादी पुढे केली. तिचं काय चुकलं? मी तिला जे सांगितलं त्यावरचा उपाय तिने सुचवला होता. उलटंही होतं. "उकाड्याने जीव नकोसा झालाय" हे आपण सहज बोलून जातो. त्याचा शब्दशः इंग्रजी अनुवाद काउन्सेलरपुढे केलात तर ती खुर्चीत सावरून बसेल. 'जीव लागत नाही', 'मन लागत नाही', 'पोटात खड्डा पडतो', 'जीव घाबरा होतो' यांना तिकडे नेमका शब्द नाही. आणि 'टेन्शन'? ते तर आपण उद्याच्या परीक्षेपासून कोसळत्या घरापर्यंत सगळ्यालाच वापरतो.

म्हणून मी मुलांना सांगायचे, भावनेचं नाव शोधत बसू नका, दिवस सांगा. किती वाजता उठलो, किती वेळ पलंगावर पडून राहिलो, किती दिवस अंघोळ टाळली, कोणत्या मेसेजला उत्तर दिलं नाही, शेवटचं पोटभर कधी जेवलो. "तीन आठवड्यांत मी पाच लेक्चर बुडवली, आणि घरचा फोन आला की आधी आवाज सारखा करून मगच उचलते." हे वाक्य कोणत्याही भाषेत तेच सांगतं.

शरीराचंही असंच. पुष्कळ जण काउन्सेलरआधी विद्यापीठाच्या दवाखान्यात जातात: डोकं दुखतं, पित्त होतं, छातीत धडधडतं, रात्री तीनला जाग येते. दुखणं खरंच असतं. मनावरचा ताण शरीरातून बोलतो, आणि कित्येक संस्कृतींत तो आधी शरीरातूनच बोलतो. डॉक्टरने तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि काउन्सेलिंग सुचवलं, तर "मला वेडा समजतात" असा अर्थ काढू नका. डोकेदुखी आणि धडधड काउन्सेलरलाही जशीच्या तशी सांगा. तिच्यासाठी ती महत्त्वाची माहिती असते.

ही अडचण या क्षेत्रातल्या लोकांनाही ठाऊक आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-ग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा त्यात १६ प्रश्नांची एक मुलाखत घातली. रुग्णाची संस्कृती समजून घ्यायला ती आहे. त्यात रुग्णाला विचारायचं असतं, की हाच त्रास तू तुझ्या घरच्यांना किंवा मित्रांना कोणत्या शब्दांत सांगशील? काउन्सेलरने हा प्रश्न विचारला नाही तर उत्तर आपणच द्यायचं. "माझ्या भाषेत याला एक शब्द आहे" असं म्हणून तो मराठीतच उच्चारायचा आणि मग समजावून सांगायचा. मी दुसऱ्या खेपेला तेच केलं. काउन्सेलरने 'कंटाळा' तिच्या वहीत उच्चाराप्रमाणे लिहून घेतला आणि पुढे प्रत्येक भेटीत विचारायची, "या आठवड्यात कंटाळा कसा आहे?"

काही विद्यापीठं फोनवर किंवा चॅटवर चोवीस तास, अनेक भाषांत मदत देणारी बाहेरची सेवा घेतात. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच ठिकाणी टेलस हेल्थ स्टुडंट सपोर्ट नावाचं ॲप असतं, ते पूर्वी माय एसएसपी म्हणून ओळखलं जायचं. आपल्या विद्यापीठात असं काही आहे का, आणि आपली भाषा बोलणारं कुणी मिळतं का, हे विचारून ठेवा.

त्रास नेमका कधी येतो

'कल्चर शॉक' हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी रूढ केला. त्यांचा १९६० चा लेख आजही वाचला जातो. हसायचं कधी, नाही म्हणायचं कसं, रांगेत किती अंतर ठेवायचं, अशा शेकडो बारीक खुणांवर आपण नकळत विसंबून असतो. त्या सगळ्या एकदम नाहीशा झाल्या की माणूस हेलपाटतो, हे त्यांचं म्हणणं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९५५ मध्ये, स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास केला होता. सहा महिन्यांहून कमी राहिलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. सर्वांत अवघड गेलं ते सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना. आलेख काढला तर इंग्रजी यू अक्षरासारखा.

पुढच्या अभ्यासांत हा यू सगळ्यांना लागू पडला नाही. अनेकांना पहिले काही आठवडेच सर्वांत कठीण गेले. तरी माझ्या टेबलासमोर दुसऱ्या सेमिस्टरची मुलं जास्त असायची, एवढं मी सांगू शकते. ओरिएंटेशनमध्ये सगळी माहिती पहिल्याच आठवड्यात ओततात, आणि तेव्हा कुणाला ती नको असते. पहिले ग्रेड येतात, दिवस लहान होतात, सोबत आलेले आपापल्या वाटेला लागतात, आणि तोवर ते माहितीपत्रक कुठेतरी हरवलेलं असतं.

पैसे आणि विमा

हे थोडक्यात. सेंटरमधल्या भेटींना बहुधा वेगळे पैसे पडत नाहीत, फीमध्येच त्याचा भाग असतो. ऑस्ट्रेलियात तर परदेशी विद्यार्थ्यांना लागणारी मदत विनाशुल्क देण्याची सक्ती २०१८ च्या नॅशनल कोड या नियमावलीत संस्थांवर आहे. खर्च सुरू होतो बाहेर पाठवल्यावर. अमेरिकेत बाहेरचा थेरपिस्ट तुमच्या विम्याच्या नेटवर्कमधला आहे का, दर भेटीला को-पे, म्हणजे आपल्या खिशातून भरायचा वाटा, किती, आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, भरून झालंय का, हे तीन प्रश्न आधी विचारा. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर आरोग्य-अधिभार भरलेला असतो, म्हणून गेल्या गेल्या जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीसाठी स्वतःहूनही अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियातल्या सक्तीच्या विम्यात आधीपासूनच्या मानसिक आजारासाठी दोन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो. त्यामुळे औषधं चालू असतील तर पहिल्या दोन महिन्यांची सोय करूनच निघा.

कोर्स कमी करायचा किंवा थांबायचं असेल तर

इथे एक चूक फार महाग पडते. तब्येत ढासळली की मुलं आधी विषय सोडतात आणि मग ऑफिसात येतात. अमेरिकेत एफ-१ वर हे उलट्या क्रमाने करायचं असतं. वैद्यकीय कारणासाठी कमी विषय घेण्याची, अगदी गरज पडल्यास एकही विषय न घेण्याची परवानगी मिळते. त्यासाठी परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि विषय सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अशी सवलत एका शैक्षणिक पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळते आणि दर सत्राला नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. साधा काउन्सेलर कितीही चांगला असला तरी त्याचं पत्र यासाठी पुरेसं ठरेलच असं नाही, म्हणून पत्रावर सही कुणाची लागेल हे आधी विचारा. या सवलतीची नोंद सेविसमध्ये होते, पण 'आजारपण' एवढीच. आजाराचं नाव तिथे जात नाही.

ब्रिटनमध्ये शिक्षण साधारण ६० दिवसांहून जास्त थांबलं तर व्हिसाच्या प्रायोजकत्वावर परिणाम होतो. ऑस्ट्रेलियात 'सहानुभूतीची किंवा सक्तीची परिस्थिती' या कारणाखाली शिक्षण काही काळ थांबवता येतं, कागद दाखवून. नियम कुठलाही असो, आधी ऑफिस, मग अर्ज. आणि ऑफिसात जाताना आजाराची सगळी कहाणी सांगावीच लागते असं नाही. "वैद्यकीय कारणाने कमी विषय घ्यायचेत, काय करावं लागेल?" एवढं पुरतं. मी टेबलामागे बसायचे तेव्हा यापुढे काही विचारायची मला परवानगीच नव्हती.

दुसऱ्या भेटीत

पहिल्या भेटीत जे राहिलं ते दुसऱ्या भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगा. फॉर्म खोटा भरला असेल तर तेही. "मागच्या वेळी मी घाबरून सगळं ठीक लिहिलं होतं." कुणीही रागावत नाही. मी हे म्हटलं तेव्हा काउन्सेलर म्हणाली, "पुष्कळ जण तसंच करतात," आणि फॉर्म पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

काउन्सेलर तुम्हाला तयार उत्तर देत नाहीत, याचाही अनेकांना धक्का बसतो. आपण मोठ्या माणसाकडे जातो ते 'काय करू सांगा' म्हणत, आणि ती उलट विचारते, 'तुला काय वाटतं?' तिने टाळाटाळ केली असं तेव्हा वाटतं. पण मार्गदर्शन हवं असेल तर तसं स्पष्ट मागता येतं: "मला या आठवड्यात करायला काहीतरी ठोस सांगा." चांगली काउन्सेलर त्यावर झोपेची वेळ लिहून ठेवायला सांगेल, श्वासाचा एखादा व्यायाम देईल, गाइडशी बोलायची दोन वाक्यं तुमच्याकडून घोकून घेईल. तीन-चार भेटींत सूर जुळला नाही तर दुसरी व्यक्ती मागा. रिसेप्शनवर सांगितलं तरी चालतं, कारण द्यावं लागत नाही.

भेटींची संख्या बहुधा मर्यादित असते, म्हणून "मला किती भेटी मिळतील?" हे सुरुवातीलाच विचारा. आणि सुट्टीत घरी जाणार असाल तर आधी सांगा. थेरपिस्टचा परवाना एका राज्यापुरता किंवा देशापुरता असतो, त्यामुळे तुम्ही सीमेपलीकडून व्हिडिओवर आलात तर बऱ्याचदा त्यांना भेट घेताच येत नाही. ऐनवेळी हे कळलं की टाकून दिल्यासारखं वाटतं. आधी कळलं तर मधल्या काळाची सोय करता येते.

रात्री-अपरात्री तग धरणं अशक्य वाटलं तर सेंटर उघडण्याची वाट बघू नका. अमेरिकेत आणि कॅनडात ९८८ वर फोन किंवा मेसेज करा. ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा नंबर ११६ १२३, ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४. बऱ्याच सेंटरच्या नेहमीच्या नंबरवरही ऑफिसची वेळ संपल्यावर तातडीच्या मदतीचा पर्याय ऐकू येतो. हे नंबर आज फोनमध्ये घालून ठेवा, बरं वाटत असताना.

मैत्रिणीसाठी

तुम्ही स्वतः ठीक असाल आणि शेजारच्या खोलीतली व्यक्ती ठीक नसेल, तरी सेंटरला फोन करता येतो. ती व्यक्ती तिथे येते की नाही हे ते सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घेतील, काय बोलावं आणि काय टाळावं ते सांगतील. "तू काउन्सेलरकडे जा" हा सल्ला मला चार जणांनी दिला होता, आणि तो बरोबरच होता. उपयोग झाला तो पाचव्या व्यक्तीचा. माझी रूममेट म्हणाली, "गुरुवारी दोनला माझं लेक्चर नाहीये. आपण जाऊ. मी बाहेर बसते." वर काही विचारलं नाही. गुरुवारी ती खरंच आली, वेटिंग रूममधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर लॅपटॉप उघडून तिची असाइनमेंट करत बसली, आणि मी तासाभराने बाहेर आले तेव्हा तिथेच होती.